आधी काय दिसतंय ते सांग

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ आहे. लॅन केबलच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा कनेक्टर बसवताना आठ तारा या क्रमाने शेजारी शेजारी धरायच्या, चिमटीत दाबून सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या आणि एका दमात आत सरकवायच्या. तारा मुळात जोडीजोडीने पिळलेल्या असतात, त्यामुळे उलगडल्या तरी पुन्हा वळण घेत राहतात. हिरवी जोडी तर फाकवून निळ्या जोडीच्या दोन्ही अंगांना बसवायची असते. नवखा माणूस हमखास तिथे चुकतो. मीही चुकले होते. 2006 साली, पुण्यात, एका कॉलेजच्या लॅबमध्ये, रविवारी सकाळी.

शेजारी उभे असलेले काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी एक्स्चेंजमधल्या तारांच्या जुडग्यांत गेलेली, आणि साठीनंतर लिनक्सचा, म्हणजे कुणीही वापरावी आणि बदलावी अशा खुल्या संगणक प्रणालीचा, नाद लागलेला. त्यांनी माझ्या हातातून केबल घेतली नाही.

"टेस्टरवर काय दिसतंय?"

"चुकलंय, काका."

"चुकलंय ते कळलं गं. दिसतंय काय?"

मग मी नीट पाहिलं. टेस्टरच्या या बाजूला चारचा दिवा लागला की पलीकडे सहाचा लागत होता, आणि सहाला चारचा. म्हणजे निळी आणि हिरवी यांची अदलाबदल झालेली. हे मी मोठ्याने म्हटलं आणि काकांनी कटर पुढे केला. "काप आणि परत कर."

दर रविवारी आम्ही दहा-पंधरा जण त्या लॅबमध्ये जमायचो. कुणी स्कूटरवर पायांमध्ये कॅबिनेट उभं करून आणायचं, कुणी डेबियनच्या, म्हणजे लिनक्सच्याच एका अवताराच्या, डीव्हीडींचा अख्खा संच. तेव्हा सरकारी व्याख्येत 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं, त्यामुळे डाउनलोड करत बसण्यापेक्षा मित्राकडून डीव्हीडीची प्रत काढून घेणं बरं पडायचं. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या अवताराची सीडी तर टपालाने फुकट यायची. मागणी नोंदवली की काही आठवड्यांनी परदेशातून पाकीट दारात. ती सोय 2011 मध्ये बंद झाली, पण 6.06 ची माझी सीडी मी जपून ठेवली आहे. वडिलांना तेव्हा खरंच वाटेना की एवढ्या लांबून कुणी पैसे न घेता काही पाठवेल. मला ते पाकीट आजही फार मोठी गोष्ट वाटते.

पण सीडी आली म्हणजे काम झालं असं नव्हतं. माझ्या लॅपटॉपची वायफाय चिप ज्या कंपनीची होती, ती लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, देतच नसे. काही हौशी लोकांनी ती चिप कशी वागते ते टिपत टिपत, आतला नकाशा हातात नसताना ड्रायव्हर लिहिला होता. त्याला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम होता. हे सगळं मला त्या लॅबमध्ये बसून दोन रविवारांत कळलं. तिसऱ्या रविवारी वायफायचं चिन्ह दिसलं, तेव्हा बाकीच्यांनाही माझ्याइतकाच आनंद झाला होता.

त्या लॅबबाहेर मला मिळणारे सल्ले दोनच प्रकारचे असत. "फॉर्मॅट मारून टाका" आणि "नवीन घ्या". तिसरा एक होता, जो फक्त बायकांना मिळतो. फोनवर समोरचा माणूस शांतपणे म्हणतो, "मॅडम, घरात कुणी सर असतील तर त्यांच्याकडे द्या ना फोन." हे मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. म्हणून काकांनी केबल माझ्या हातातच राहू दिली, याचं मोल मला फार आहे. सल्ला देण्याची ती रीत मी तिथे पहिल्यांदा पाहिली. आधी समोरच्याला काय दिसतंय ते विचारायचं, त्याने सांगितलेल्यावर विश्वास ठेवायचा, आणि मगच तोंड उघडायचं.

ती रीत मला स्वतःला निभवावी लागली 2020 साली.

माझं माहेर वाईचं. जुना वाडा, खाली काळ्या दगडाची दोन हात रुंद भिंत, वर भाजक्या विटा. शाळा बंद झाल्या आणि भाचीचे, म्हणजे दादाच्या मुलीचे, पाचवीचे वर्ग घरातून सुरू झाले. फायबरची तार रस्त्याच्या बाजूने आली, म्हणून इंटरनेटवाल्याने पेटी, म्हणजे वायफायचा राउटर, ओसरीवर बसवलेली. भाची बसायची माडीवर, कारण तिथेच काय ती शांतता. मध्ये माजघर, त्याच्या दोन भिंती आणि लाकडी जिना. मी पुण्यात अडकलेली. दादाचा रोज फोन, "नेट येत नाही."

"येत नाही म्हणजे काय दिसतंय?"

"अगं, येत नाही म्हणजे नाही!"

पहिले चार दिवस आमचं एवढंच चाललं. पाचव्या दिवशी मी त्याला फोन हातात घेऊन घरभर फिरवलं. पेटीचे वायफाय सिग्नल दोन. 5 गिगाहर्ट्झचा पेटीजवळ भरपूर, माजघराचं दार ओलांडलं की दिसेनासा. 2.4 चा माडीपर्यंत पोचत होता, पण तिथे शेजारपाजारच्या सगळ्या पेट्या एकाच चॅनेलवर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल धड तीनच, 1, 6 आणि 11. दादाने मधल्या काळात सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर आणून माजघरात लावला, तर वेग निम्म्याहून खाली आला. साहजिक होतं. तो एकाच रेडिओवर ऐकणार आणि त्याच रेडिओवर तेच पुन्हा बोलणार.

मी काकांना फोन लावला. ते पंचाहत्तरीला आलेले. त्यांनी भिंतीची रुंदी विचारली, जिन्याखालून झरोका आहे का विचारलं, विजेची वायरिंग कुठून गेली आहे तेही विचारलं. मग म्हणाले, "दगडाशी भांडू नकोस. झरोक्यातून तार टाक. विजेच्या वायरीला समांतर नेऊ नको, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांड. शंभर मीटरची मर्यादा आहे, तुझं घर काही तेवढं मोठं नाही."

केबल गावातल्या दुकानातून आली, कनेक्टर आयते लावलेले. माडीवर नेट आलं, पण रडतखडत. भाचीचा लॅपटॉप मीच लिनक्स घालून दिलेला, म्हणून तिला फोनवर एथटूलची, म्हणजे तारेवरचा वेग दाखवणारी, आज्ञा अक्षर अक्षर सांगितली. दहा वर्षांची पोर. तिने वाचून दाखवलं, "आत्या, स्पीडपुढे 100 लिहिलंय." दोन्हीकडची पोर्टं हजार एमबीपीएसची. शंभरला आठांपैकी चारच तारा पुरतात, हजाराला आठही लागतात. म्हणजे कुठलीतरी जोडी मेलेली. दादाला केबलचं एक टोक कापून एक तार ब्लेडने खरवडायला लावली आणि फोटो मागवला. फोटोत तार वरून तांबूस आणि आतून चंदेरी दिसली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली तार दोनदा वाकवली की तुटते. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. पण तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की केबल घेताना ती हातात तोलून बघा आणि एक तार खरवडा. शुद्ध तांब्याची केबल चांगली जड लागते.

नवी केबल पडली, आकडा 1000 झाला, आणि तरीही संध्याकाळच्या वर्गात सरांचा आवाज तुटायचाच.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. स्पीड टेस्ट घेतली तर खाली 40, वर 10 एमबीपीएस, अगदी ठरल्याप्रमाणे. कंपनी म्हणाली, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, तुमचा लॅपटॉप जुना आहे. मी भाचीला पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवायला सांगितलं आणि आकडे बदलले की वेळ लिहून ठेवायला. तिने वहीत तक्ता आखला. सकाळी 18, 19, 18 मिलिसेकंद. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी 640. मग 910. सव्वासहाला परत 18. सहा वाजता घरात काय होतं? तर वहिनी कामावरून यायची आणि तिचा फोन घरच्या वायफायला लागला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढवायला लागायचा.

वाईला येताना खंबाटकीचा चढ ज्याने पाहिलाय, त्याला हे समजावून सांगणं सोपं आहे. घाटात रस्ता अरुंद, ट्रक मुंगीच्या पावलाने चढतात. आता कल्पना करा की घाटाच्या तोंडाशी प्रचंड मोठं मैदान आहे आणि येईल त्या ट्रकला तिथे रांगेत उभं करून घेतलं जातंय. परत कुणालाच पाठवत नाहीत, त्यामुळे मागे गोदामात बसलेल्या माणसाला कळतच नाही की पुढे तुंबलंय. तो ट्रक सोडतच राहतो. अशात एक ॲम्ब्युलन्स आली तर तिलाही त्या सगळ्या ट्रकांमागे उभं राहावं लागणार. फोटो म्हणजे ट्रक, सरांचा आवाज म्हणजे ॲम्ब्युलन्स, आणि मैदान म्हणजे राउटरमधला बफर, डेटाची पाकिटं थांबवून ठेवायची मेमरी. मेमरी स्वस्त झाली तशी ही मैदानं मोठी होत गेली. पाकीट गहाळ झालं की पाठवणारा वेग कमी करतो, अशी इंटरनेटची मूळ रचना आहे. इथे गहाळ काही होतच नाही, फक्त उशीर साचत जातो.

या रोगाला नाव मिळालं तेही एका घरातूनच. लिनक्ससारख्या प्रणालींच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या मूळ कर्त्यांपैकी एक असलेले जिम गेटिस यांना 2010 मध्ये आपल्या घरच्या नेटवर हाच त्रास दिसला. ते मोठ्या फाइल पाठवत असले की घरात बाकीच्यांचं इंटरनेट बसायचं. ते मुळाशी गेले आणि 'बफरब्लोट' हा शब्द रूढ झाला. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. रांग किती लांब आहे ते तो बघतच नाही. पाकिटाला रांगेत किती वेळ उभं राहावं लागलं ते बघतो. पाच मिलिसेकंदांहून जास्त वेळ सतत लागत राहिला, की एखादं पाकीट सोडून देतो, म्हणजे मागच्याला निरोप जातो. एरिक ड्युमाझे यांनी त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हे लिनक्सच्या 3.5 कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं. ॲम्ब्युलन्सला स्वतःची मार्गिका मिळाली.

हे सगळं घरोघरच्या राउटरपर्यंत पोचावं म्हणून डेव्ह टाट यांनी आयुष्याची अनेक वर्षं घातली. गेटिस यांच्याबरोबर बफरब्लोटचा प्रकल्प उभा करणाऱ्यांत ते होते. जो विचारेल त्याला ते समजावून सांगत, आणि समजावण्याआधी त्याच्याकडून मोजमाप मागत. 1 एप्रिल 2025 रोजी ते गेले. मी त्यांच्याशी कधी एक शब्दही बोललेले नाही. बातमी वाचली तेव्हा मला भाचीची ती वही आठवली, आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

कंपनीच्या पेटीत यातलं काही बदलता येत नव्हतं. पेटी आमची, तुम्ही हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी पुण्यात एक जुना राउटर घेतला, त्यात ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं खुलं लिनक्स, घातलं आणि मार्केट यार्डात भाजी घेऊन आलेल्या वाईच्या टेम्पोबरोबर पाठवून दिला. तो कंपनीच्या पेटीच्या मागे लावायचा आणि वेगाची मर्यादा मुद्दाम खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवायची, 40 ला 36 आणि 10 ला 9. असं केलं की रांग आपल्या राउटरमध्ये लागते, आणि ती कशी चालवायची ते आपल्या हातात राहतं. त्या संध्याकाळी भाचीने वही उघडली. वहिनीचे फोटो चढत होते आणि पिंग 26 वर होतं. तिने फोनवर एक एक आकडा वाचून दाखवला. मीही तिला थांबवलं नाही.

ओपनडब्ल्यूआरटीची जन्मकथाही मला फार आवडते. 2002 च्या अखेरीस लिंकसिसचा डब्ल्यूआरटी 54 जी नावाचा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारात आला. जाणत्या लोकांनी तो उघडून पाहिला, तर आत लिनक्स. लिनक्सचा परवाना सांगतो की हे वापरून वस्तू विकाल तर त्याचा स्रोतही, म्हणजे मूळ कोडही, द्यावा लागेल. लोकांनी तो मागितला, लावून धरला, आणि 2003 मध्ये कंपनीने तो खुला केला. पुढच्याच वर्षी त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्या पहिल्या पेटीत 4 एमबी फ्लॅश आणि 16 एमबी मेमरी होती. आज फोनवरचा एक फोटोही त्या फ्लॅशमध्ये मावणार नाही. एवढ्याशा जागेतून सुरू झालेलं काम वाईच्या वाड्यात भाजीच्या टेम्पोने पोचलं.

पुढच्या वर्षी दादाने परसातल्या पडवीत स्वतःचं ऑफिस थाटलं आणि अंगणावरून उघडी केबल ओढून घेतली. मला विचारलं नाही. मे महिन्यात वळीव झाला, वीज कुठेतरी नदीपलीकडे पडली आणि दोन्हीकडची पोर्टं मेली. वीज तारेवरच पडावी लागते असं नाही, जवळपास पडली तरी लांब तांब्यात झटका उमटतो. काकांना हे सांगितलं तर ते काही क्षण गप्प राहिले. मग एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत बसले. पावसाळ्याच्या तोंडावर खेड्यापाड्यांतून येणाऱ्या ओव्हरहेड लाइनी, प्रत्येक लाइनीला बसवलेल्या संरक्षक नळ्या, आणि वादळी रात्रीनंतर सकाळी जळालेल्या नळ्या बदलायला बसलेले ते. "एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांबं नेऊ नये गं. काच ने." म्हणजे फायबर. दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर. केबलमध्ये पोलादी आवरण नको, नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळाली. तीस मीटरचं काम, दोन-अडीच हजारांत झालं. त्यानंतर चार वळीव झाले, पडवी सुखरूप आहे.

हार्डवेअरच्या बाबतीत मला मिळालेला सगळ्यात नेमका सल्ला मात्र नाशिकच्या एका मित्राचा. माझ्या डेस्कटॉपची डिस्क मध्येच अडकायची, फाइल उघडायला मिनिट लागायचं. मी नवी डिस्क मागवायच्या बेतात होते. तो म्हणाला, स्मार्टसीटीएलचा, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा, पूर्ण तक्ता पाठव, आणि त्याआधी बॅकअप घे. तक्ता पाहून म्हणाला, "5 आणि 197 नंबरच्या ओळी शून्य आहेत, म्हणजे तबकडी ठणठणीत. 199 मात्र वाढतोय. तो डिस्क आणि बोर्डामधल्या रस्त्यातल्या चुका मोजतो. आधी शंभर रुपयांची साटा केबल बदल." केबल बदलली. ती डिस्क त्यानंतर पाच वर्षं चालली. आणि याच मित्राला मी एकदा ग्राफिक्स कार्डाविषयी विचारलं होतं, तेव्हा तो सरळ म्हणाला होता, "हे मला येत नाही, मी काही सांगितलं तर तुझे पैसे वाया जातील." त्या एका वाक्यामुळे त्याच्या बाकीच्या सगळ्या सल्ल्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

काकांचे हात आता थरथरतात. गेल्या दिवाळीत भेटायला गेले तेव्हा त्यांनी कपाटातून क्रिंपर, म्हणजे कनेक्टर तारांवर दाबून बसवायची पक्कड, काढून दिला. मुठीवरचं निळं प्लास्टिक बोटांच्या जागी झिजून पांढरं पडलेलं. "माझ्याच्याने आता तारा ओळीत येत नाहीत," एवढंच म्हणाले. मी तो पदराआड धरावा तसा पिशवीत घालून आणला.

यंदा मेमध्ये तो घेऊन वाईला गेले. भाची आता अकरावीत जाणार. तिला माडीवरून गच्चीच्या खोलीत लाइन न्यायची होती. जिन्याच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. तिने तारा सोडवल्या, पुटपुटत ओळीत लावल्या, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. कापल्या, सरकवल्या, आणि क्रिंपर दोन्ही हातांनी दाबला. टेस्टर लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातचा दिवा लागलाच नाही. आठ लागला.

"आत्या, बघ ना गं काय झालंय."

माझे हात आपोआप पुढे गेले होते. मी ते मांडीवर घेतले.

"तुला काय दिसतंय?"

तिने कनेक्टर उजेडासमोर धरला, डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहत राहिली. "पांढरी-तपकिरी टोकापर्यंत पोचलीच नाहीये. आखूड कापली गेलीय." आणि मी काही बोलायच्या आत तिने कटर उचलला.